नसांच्या दुखण्याची गोळी नशेची कधी होते? सहारच्या कार्गोपासून गावच्या मेडिकलपर्यंतचा हिशेब

अंधेरी पूर्वेला सहार इथे मुंबईचं एअर कार्गो संकुल आहे. भाजीपाला, आंबे, कपडे, औषधं, सगळं इथून परदेशी जातं. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या एअर कार्गोत गोळ्यांचा एक साठा अडवण्यात आला. माल घानाला निघाला होता. गोळीत दोन औषधं एकत्र केलेली होती: टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल. पहिलं दुखण्यावरचं, दुसरं स्नायू सैल करणारं. दोन्ही औषधांना भारतात वेगवेगळी परवानगी होती, पण एकत्र गोळीला नव्हती. तरीही ती इथे बनत होती आणि बाहेर जात होती.

त्याच आठवड्यात बीबीसीने एक शोधवृत्त दाखवलं. मुंबईच्या एव्हिओ फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या अशा गोळ्या घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर तरुणांच्या हातात नशेसाठी पोहोचतात, असं त्यात म्हटलं होतं. त्यानंतर यंत्रणा जागी झाली. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था आणि राज्याचं अन्न व औषध प्रशासन यांच्या संयुक्त पथकाने २१ आणि २२ फेब्रुवारीला कंपनीची तपासणी केली, उत्पादन थांबवण्याचा आदेश दिला आणि सुमारे १.३ कोटी गोळ्या-कॅप्सूल व कच्च्या मालाचे २६ बॅच जप्त केले. या मिश्रणाच्या निर्यातीची आणि उत्पादनाची सगळी परवानगी देशभर मागे घेण्यात आली.

बातमी तिथे संपली. पण त्याच सरकारी निवेदनात एक वाक्य होतं, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल ही दोन्ही औषधं भारताच्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या यादीत नाहीत, असं सरकारनेच त्यात सांगितलं होतं.

अमेरिकेत याच टॅपेंटाडॉलला नोव्हेंबर २००८ मध्ये मंजुरी मिळाली, आणि ते दुकानात येण्याआधीच २००९ मध्ये तिथल्या नियंत्रित औषधांच्या दुसऱ्या श्रेणीत टाकलं गेलं. मॉर्फिन ज्या श्रेणीत आहे, तीच ही. २०१२ मध्ये तिथे त्याचा हळूहळू विरघळणारा प्रकार मधुमेहामुळे होणाऱ्या नसांच्या दुखण्यासाठीही मंजूर झाला, पण श्रेणी तीच राहिली. भारतात ते २०११ मध्ये आलं. म्हणजे आपल्याकडे पहिली गोळी विकली गेली तेव्हा या औषधाची सवय लागू शकते हा निष्कर्ष कागदावर तयार होता. तो शोधायला वेगळा अभ्यास करायची गरज नव्हती.

उपनगराचा प्रश्न गावाचा कसा?

मुंबई उपनगर जिल्ह्याचे तालुके तीनच: अंधेरी, बोरीवली आणि कुर्ला. मुलुंड, घाटकोपर हे कुर्ला तालुक्यात येतात. शेतीवाडीचा म्हणावा असा तालुका यात एकही नाही. तरी नसांच्या दुखण्याची गोष्ट इथेच थांबत नाही, कारण पेशंट थांबत नाही. पालघर, विक्रमगडकडचा माणूस लोकल पकडून बोरीवलीला येतो, शहापूर-मुरबाडकडचा मुलुंड-घाटकोपरला. कुणी राजावाडीत, कुणी कूपरमध्ये, कुणी खासगी डॉक्टरकडे. तिथे चिठ्ठी मिळते, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात. सोळाव्या दिवशी परत कोण येणार? जाण्यायेण्याचं भाडं, बुडालेली मजुरी, रांग. मग गावच्या मेडिकलवर रिकामी स्ट्रिप दाखवली जाते, "हीच द्या." ती मिळते. सहा महिने, वर्षभर मिळत राहते. मूळ चिठ्ठी कधीच फाटून गेलेली असते.

यात वाईट हेतू कुणाचाच नाही. तळपायाची आग होऊन रात्रभर डोळा न लागणारा मधुमेही आणि त्याला ओळखीने गोळी देणारा मेडिकलवाला, दोघांचंही आपापल्या जागी बरोबर वाटावं असंच चाललेलं असतं. पण नशेसाठी गोळी मागणाराही त्याच काउंटरवर तशीच रिकामी स्ट्रिप घेऊन उभा राहतो. दोघांत फरक कसा करायचा, याचं उत्तर आजच्या पद्धतीत नाही.

प्रीगाबालिनने काय शिकवलं

नसांच्या दुखण्यावर सगळ्यात जास्त लिहिलं जाणारं औषध म्हणजे प्रीगाबालिन. मिथाइलकोबालामिन म्हणजे बी-१२ सोबत, कधी नॉरट्रिप्टिलिनसोबत त्याच्या कॅप्सूल येतात. नागीण होऊन गेल्यावर राहणारी जळजळ, मधुमेहाने पायाला येणाऱ्या मुंग्या, मणक्यातून पायात उतरणारी कळ, या सगळ्यांवर ते दिलं जातं. लोक त्याला सरळ "नसांची गोळी" म्हणतात, आणि बी-१२ सोबत येत असल्यामुळे बऱ्याच जणांना ती ताकदीची गोळी वाटते. हा गैरसमज साधा वाटला तरी महागात पडू शकतो.

एखाद्या औषधाची नशा होऊ शकते का, हे तपासायची ठरलेली पद्धत आहे. आधी प्रयोगशाळेत पाहतात की औषध मेंदूत नेमकं कुठे जाऊन बसतं. मग प्राण्यांवर प्रयोग होतो: कळ दाबली की औषध मिळतं अशी सोय करून उंदीर ती कळ किती वेळा दाबतो ते मोजतात. शेवटी माणसं. नशेच्या पदार्थांचा अनुभव असलेल्या, पण व्यसनात न अडकलेल्या स्वयंसेवकांना कधी नवं औषध, कधी ज्याची नशा होते हे माहीत आहे असं जुनं औषध, आणि कधी नुसती साखरेची गोळी देतात. कोणती कधी दिली हे त्यांना सांगत नाहीत. "आत्ता या क्षणी हे औषध तुम्हाला किती आवडतंय?" असं विचारून शून्य ते शंभरच्या पट्टीवर खूण करायला लावतात. पन्नास म्हणजे आवडही नाही, नावडही नाही.

प्रीगाबालिनची अशी चाचणी झाली होती. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असलेल्या १५ जणांना ४५० मिलिग्रॅमचा एक डोस दिला, तेव्हा त्यांनी दिलेले गुण ३० मिलिग्रॅम डायझेपामच्या जवळपास आले. शिवाय साडेपाच हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्यांपैकी ४ टक्के लोकांनी उगाचच आनंदी, तरंगल्यासारखं वाटल्याचं सांगितलं. साखरेची गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होतं. या आधारावर अमेरिकेने २००५ मध्ये प्रीगाबालिनला पाचव्या, म्हणजे सगळ्यात सौम्य नियंत्रणाच्या श्रेणीत टाकलं.

अंदाज चुकला नव्हता, कमी पडला. पुढच्या वर्षांत युरोपात दिसलं की लोक हे औषध एकटं घेत नाहीत. हेरॉईन, मेथाडोन, दारू यांच्या जोडीला घेतात, कारण ते दुसऱ्या नशेचा परिणाम वाढवतं. आणि धोकाही तिथेच आहे. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. पंधरा माणसांच्या चाचणीत एकच औषध एका वेळी दिलं जातं. गल्लीत कुणी एकच औषध घेत नाही. ब्रिटनने १ एप्रिल २०१९ पासून प्रीगाबालिन आणि त्याचं भावंड गॅबापेंटिन या दोघांना नियंत्रित औषधांच्या कायद्यात आणलं. अमेरिकेच्या एफडीएने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये श्वासाच्या त्रासाचा इशारा दिला, विशेषतः म्हाताऱ्या माणसांसाठी आणि दम्यासारखा फुप्फुसाचा आजार असलेल्यांसाठी. बाजारात आल्यापासून दीड दशकानंतर.

भारतात हा प्रश्न आधी पंजाबात उघड झाला. तिथल्या अनेक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी ७५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीच्या प्रीगाबालिन कॅप्सूलच्या विक्रीवर निर्बंध आणले. प्रशासनाची तळमळ समजू शकते, पण हिशेब जुळत नाही. नशा करणारा ७५ च्या चार कॅप्सूल एकदम गिळतो. ज्याला डॉक्टरने १५० लिहून दिली तो पेशंट मात्र दुप्पट कॅप्सूल विकत घेतो आणि जास्त पैसे मोजतो.

एक दार बंद, दुसरं उघडं

टॅपेंटाडॉलची गोष्ट समजायची तर ट्रामाडॉलकडे जावं लागतं. ट्रामाडॉल हे दुखण्यावरचं जुनं औषध, त्याची सवय लागत नाही किंवा फार कमी लागते असं डॉक्टरांना बरीच वर्षं सांगितलं गेलं. पंजाबपासून पश्चिम आफ्रिकेपर्यंत त्याचा गैरवापर वाढल्यावर एप्रिल २०१८ मध्ये भारताने ते एनडीपीएसच्या यादीत घातलं. ते योग्यच होतं. पण यादीत नाव घातलं फक्त ट्रामाडॉलचं. मागणी तशीच राहिली आणि पुरवठादारांनी शेजारच्या खणातलं औषध उचललं. टॅपेंटाडॉल ट्रामाडॉलसारखंच काम करतं, ताकद त्याहून जास्त, आणि कायद्याने त्याला हात लावलेला नव्हता. भारतातल्या व्यसनमुक्ती केंद्रांतल्या डॉक्टरांनी टॅपेंटाडॉलच्या व्यसनाचे रुग्ण येत असल्याचं वैद्यकीय नियतकालिकांत लिहायला सुरुवात केली ती याच सुमारास.

कॅरिसोप्रोडॉलचा इतिहास तर आणखी जुना. शरीरात गेल्यावर त्याचं मेप्रोबामेट बनतं, जे स्वतःच सवय लावणारं शामक आहे. युरोपच्या औषध संस्थेने २००७ मध्येच ते बाजारातून काढावं असं सांगितलं होतं. अशी दोन औषधं एका गोळीत घालण्यामागे कोणता वैद्यकीय विचार असू शकतो, हे कुणी सांगितलेलं नाही.

महाराष्ट्रालाही हा प्रकार नवा नाही. मालेगावात अल्प्राझोलामच्या गोळीला "कुत्ता गोळी" म्हणतात, मुंबई आणि छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामला "बटन". कोडीनच्या खोकल्याच्या बाटल्यांवर कारवाई झाल्याच्या बातम्या तर दर काही महिन्यांनी येतात. यातलं प्रत्येक औषध एकेकाळी साधं, चांगलं औषधच होतं. ते बिघडलं असं नाही. त्याच्यावर नजर ठेवायची पद्धत औषधाच्या नावावर चालते आणि बाजार नाव बदलून पुढे जातो.

नजर ठेवायची मुदतही मुळात छोटी. नव्या औषधाला केंद्राची मंजुरी मिळाल्यावर चार वर्षं ते कायद्याने "नवं" राहतं. पहिली दोन वर्षं दर सहा महिन्यांनी आणि पुढची दोन वर्षं वर्षातून एकदा कंपनीने सुरक्षिततेचा अहवाल द्यायचा. त्यानंतर बहुतेक औषधांच्या बाबतीत कोणत्याही राज्याचा परवाना अधिकारी दुसऱ्या कंपन्यांना ते बनवायला मंजुरी देऊ शकतो. म्हणजे औषध स्वस्त होतं, वीस-पंचवीस ब्रँड निघतात, तालुक्याच्या मेडिकलपर्यंत पोहोचतं, आणि नेमक्या त्याच वेळी सक्तीचा अहवाल बंद होतो. नशेचा धोका पहिल्या चार वर्षांत दिसेलच असं नाही. उलट औषध सगळीकडे मिळायला लागल्यावरच तो दिसतो.

नव्या गोळ्या येतायत

आता दुखण्यावरच्या औषधांची नवी पिढी येते आहे. अमेरिकेने ३० जानेवारी २०२५ रोजी सुझेट्रिजिन या गोळीला मंजुरी दिली. ही अफूच्या वर्गातली नाही. दुखण्याचा निरोप नेणाऱ्या मज्जातंतूंतला एक विशिष्ट सोडियमचा मार्ग ती बंद करते, मेंदूपर्यंत जाऊन गुंगी आणत नाही. म्हणून तिची सवय लागण्याचं कारण दिसत नाही, आणि अमेरिकेने तिला कोणत्याही नियंत्रित श्रेणीत टाकलेलं नाही. पण दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतील. मंजुरी शस्त्रक्रियेनंतरच्या किंवा तशा अचानक उद्भवलेल्या दुखण्यापुरती आहे, वर्षानुवर्षांच्या नसांच्या दुखण्यासाठी नाही. आणि एका गोळीची किंमत तिथे १५.५० डॉलर लावली आहे. विक्रमगडच्या मजुराच्या दिवसभराच्या कमाईहून ती जास्त भरेल.

जपानने २०१९ मध्ये मंजूर केलेलं मिरोगाबालिन हे मात्र प्रीगाबालिनच्याच घराण्यातलं. कॅल्शियमच्या त्याच मार्गावर जाऊन बसणारं. अशा औषधाबद्दल "नवं आहे, कमी त्रासाचं आहे" असं कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितलं तर डॉक्टरांनी निदान एवढं विचारायला हवं: प्रीगाबालिनबद्दल जे कळायला दीड दशक लागलं, ते याच्याबद्दल आधीच का धरून चालू नये? १८९८ मध्ये बायर कंपनीने मॉर्फिनपेक्षा सुरक्षित, सवय न लागणारं म्हणून जे औषध बाजारात आणलं, त्याचं नाव हेरॉईन होतं. औषधाच्या व्यापारात "सवय लागत नाही" या तीन शब्दांचा इतिहास फारसा चांगला नाही.

पण दुखणाऱ्याचं काय?

एवढं वाचून "मग सगळ्याच गोळ्या एनडीपीएसमध्ये टाका" असं कुणालाही वाटेल. तो रस्ता भारताने एकदा चालून पाहिला आहे. १९८५ मध्ये एनडीपीएस कायदा आला आणि त्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळे मॉर्फिन ठेवणंच दवाखान्यांनी सोडून दिलं. देशातला वैद्यकीय मॉर्फिनचा वापर वर्षाला सुमारे ६०० किलोवरून १९९७ पर्यंत १८ किलोवर आला. अफू पिकवणारा देश, आणि कॅन्सरच्या पेशंटला शेवटच्या दिवसांत मॉर्फिन नाही. कायद्यात दुरुस्ती व्हायला २०१४ उजाडलं, म्हणजे २९ वर्षं गेली. त्या काळात वेदनेत गेलेल्यांची कुठे नोंद नाही.

प्रीगाबालिनवर तसाच कडक पहारा बसला तर परळ-अंधेरीतल्या मोठ्या हॉस्पिटलला फरक पडणार नाही. त्यांच्याकडे परवाना, कपाट, रजिस्टर, माणूस सगळं असतं. गावच्या एकखांबी मेडिकलला झंझट नको म्हणून तो माल ठेवणंच बंद करेल. पाय जळणाऱ्या माणसाला पुन्हा बोरीवलीची लोकल.

मधला रस्ता कायद्यातच आहे, तो म्हणजे एच-१ अनुसूची. २०१३ मध्ये ती आली तेव्हा त्यात ४६ औषधं होती. या यादीतलं औषध देताना दुकानदाराने डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. पाकिटावर लाल चौकटीत इशारा. परवान्याचं वेगळं लफडं नाही, पेशंटची अडवणूक नाही, पण कुणी कुठून किती नेलं याचा माग राहतो. नसांच्या दुखण्यावरची सवय लावू शकणारी प्रत्येक गोळी, जुनी असो की नवी, पहिल्या दिवसापासून इथे असावी. गैरवापर उघड झाल्यावर नव्हे.

अर्थात रजिस्टर लिहिलं गेलं आणि कुणी पाहिलंच नाही तर त्याचा उपयोग शून्य. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे आणि औषध निरीक्षक कमी आहेत ही तक्रार जुनी. तालुक्याच्या एखाद्या दुकानात अचानक महिन्याला शंभर स्ट्रिपऐवजी हजार स्ट्रिप जाऊ लागल्या, तर ते घाऊक विक्रेत्याच्या बिलात आधी दिसतं. निरीक्षकाला दुकानोदुकानी फिरायची गरज नाही, घाऊक बिलांवर नजर ठेवली तरी पुरे. सहारला अडवलेला माल हेच सांगतो. कोट्यवधी गोळ्या बनल्या, त्यासाठी कच्चा माल आला, बिलं फाटली, निर्यातीची कागदपत्रं झाली. सगळं कागदावर होतं. कागद वाचायला परदेशी पत्रकारांचा कॅमेरा लागला.

ज्यांच्या घरात प्रीगाबालिन किंवा गॅबापेंटिन चालू आहे त्यांनी हे वाचून गोळी एकदम बंद करू नये. अचानक सोडल्यास झोप उडणं, घाम, मळमळ, डोकेदुखी, घाबरल्यासारखं होणं असा त्रास होतो. डॉक्टरला विचारून निदान आठवडाभर हळूहळू डोस कमी करायचा असतो. गोळीसोबत दारू नको, झोपेची गोळी डॉक्टरला सांगितल्याशिवाय नको. मूत्रपिंडाचा आजार असेल तर ते आधी सांगावं, कारण हे औषध लघवीवाटेच बाहेर पडतं. कोणत्याही औषधाचा विपरीत परिणाम दिसला तर पेशंट स्वतः १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर नोंदवू शकतो, आणि गोळीची सवय लागली असं वाटलं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. डॉक्टरची चिठ्ठी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवली तर पुढच्या वेळी रिकामी स्ट्रिप दाखवावी लागत नाही.